गोड्या पाण्याचे देणे

गेल्या उन्हाळ्यात आम्ही चौघा भावंडांनी मिळून बाबांचा गाळा रिकामा केला. बाबा प्रभूघरी गेले त्याला दोन पावसाळे लोटले होते. कुलूप निघाले, पत्र्याचे दार कुरकुरत मागे गेले आणि क्रूड ऑइल, ग्रीस व जुन्या चामड्याचा तो ओळखीचा वास अंगावर आला. क्षणभर आमच्यापैकी कोणीच आत पाऊल टाकले नाही. शाळकरी वयात ह्याच वासाची आम्हाला लाज वाटत असे. बाबा कितीही साबण लावोत, रविवारच्या मिस्सेत त्यांच्या शेजारी बसले की तो वास येईच. आमची चौघांची शिक्षणे मात्र त्याच वासावर झाली.

गाळ्याच्या मधोमध, सिमेंटच्या जमिनीतून चार बोल्ट वर आलेले आहेत. त्यांच्यावर काहीही उभे नाही. भंगारवाला म्हणाला, "हे कापून टाकू का? पायाला लागतील." आम्ही चौघांनी एकदमच नको म्हटले. ह्या चार बोल्टांची आणि ते ज्यांनी रोवले त्या माणसाची हकीकत वाचकांना सांगावी, असे तेव्हापासून मनात आहे.

आमचे गाव वसईच्या पश्चिम पट्ट्यातले. समुद्र पायी अर्ध्या तासावर. केळी, पानवेली, मोगरा, सोनचाफा आणि भाजी ह्यांवर येथील कुटुंबे पिढ्यान् पिढ्या जगली. बाबांना सारा गाव मिस्त्री म्हणे. चर्चच्या नोंदवहीतले त्यांचे नाव बाप्तिस्मा, लग्न आणि मयत ह्या तीन प्रसंगांखेरीज कोणी उच्चारले असेल असे वाटत नाही.

त्यांचे बालपण रहाटामागे गेले. त्या काळी वाड्यांना पाणी मिळे ते विहिरीतून किंवा बावखलातून. बावखल म्हणजे आमच्या पूर्वजांनी वाडीच्या कडेला खणून ठेवलेले तळे. पावसाळ्यात ते भरे, हळूहळू जमिनीत मुरे आणि आसपासच्या विहिरी गोड्या ठेवी. पहाटे बैल किंवा रेडा जुंपायचा, त्याच्यामागे गोल गोल फिरायचे. लाकडी चाके करकरत, मडक्यांची माळ भरून वर येई आणि पन्हळीत रिती होई. हे काम घरातल्या पोरांकडे असे. बाबा चालता चालता झोपत आणि रेडा थांबला की जागे होत. रहाटाबद्दलचे त्यांचे एक वाक्य आम्हाला पुढे फार उशिरा कळले. ते म्हणत, "रेडा दमायचा. तो दमला की विहीर भरून घ्यायची."

त्या फेऱ्यांचा कंटाळा येऊनच ते मुंबईला पळाले. एका कारखान्यात हरकाम्या म्हणून लागले, पुढे फिटरच्या हाताखाली गेले आणि काही वर्षांनी इंजिने उघडण्याची विद्या घेऊन गावी परतले. काळही त्यांना अनुकूल होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. आणि पुढच्या दोन दशकांत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत डिझेल इंजिनाचा ठोका ऐकू येऊ लागला. आमच्या पट्ट्यातही रहाट एकामागून एक मोडीत निघाले. इंजिन घेणाऱ्याला ते बसवून देणारा आणि बंद पडले तर धावत येणारा माणूस हवा होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस बाबांनी पत्र्याचा हा गाळा टाकला.

ती इंजिने आजच्या पिढीने पाहिलेली नसतील. एकच सिलिंडर, माणसाच्या कमरेएवढी दोन जड चाके, मिनिटाला साधारण साडेसहाशे फेरे. सुरू करताना वरची कळ उचलून सिलिंडरातला दाब मोकळा करायचा, हँडल घालून चाक जोराने फिरवायचे आणि वेग आला की कळ सोडून हँडल काढून घ्यायचे. क्षणाचा उशीर झाला तर हँडल उलटून मनगट मोडे. बाबांच्या डाव्या मनगटाला त्याची कायमची खूण होती. स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या अंगाला लावून मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटून ऐकायचे, ही त्यांची तपासणी. बेअरिंग गेले आहे की पिस्टनची रिंग, हे ते इंजिन न उघडता सांगत. डॉक्टरांकडे छाती तपासून घेताना आम्हाला नेहमी बाबांचा तो चेहरा आठवतो.

त्यांच्या धंद्याची रीत साधी होती. सामानाची किंमत बिलाप्रमाणे, मजुरी पीक आल्यावर. रविवारी गाळा बंद; पण कोणाची वाडी सुकत असेल तर पहिली मिस्सा आटोपून तसेच विहिरीवर जात. सणाच्या आधी चर्चच्या घंटेच्या आसाला ग्रीस घालायचे काम त्यांनी कधी दुसऱ्याला दिले नाही. ते संत नव्हते. हाताखालच्या मुलांवर ते भयंकर ओरडत, आणि आमच्या कितीतरी नाताळांच्या रात्री ते कोणाच्या तरी विहिरीवर असत. आईला ह्याचे दुःख होते. तिने ते बोलून दाखवले नाही, पण लपवलेही नाही.

गाळा आवरताना आम्हाला त्यांच्या बिलांच्या प्रती सापडल्या. सुतळीने बांधलेले गठ्ठे, प्रत्येक विहिरीचा वेगळा. उधारी किती बुडाली हे पाहावे म्हणून आम्ही ते सोडले. आमच्यातील थोरल्याने एक गठ्ठा क्रमाने वाचायला घेतला आणि थोड्या वेळाने तो थांबला. त्या बिलांत दर खेपेला विहिरीत सोडलेल्या पाइपाची लांबी लिहिलेली होती. पहिल्या वर्षी बारा फूट. काही वर्षांनी पंधरा. मग एकोणीस, मग तेवीस. दुसरा गठ्ठा सोडला, तिसरा सोडला. आकडे थोडे इकडे तिकडे, पण चाल तीच. बाबांनी पाण्याची नोंद ठेवली नव्हती, पाइपाची ठेवली होती. पण गोष्ट एकच होती. आमच्या गावातले पाणी किती वेगाने खाली गेले ह्याचा दाखला आमच्याच गाळ्यात सुतळीने बांधून पडला होता. पाइपाच्या प्रत्येक वाढीव फुटाचे पैसे आमच्या घरी आले होते.

पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. खरे तर हवेचा दाब ते पाणी वर ढकलतो. म्हणूनच, पंप कितीही मोठा असला तरी तो सुमारे चौतीस फुटांपलीकडून पाणी वर आणू शकत नाही. तोरिचेल्ली ह्या इटालियन शास्त्रज्ञाने १६४३ मध्ये हवेच्या दाबाचा हा उलगडा केला. बाबांनी त्याचे नाव ऐकले नव्हते, पण प्रत्यक्षात ही मर्यादा वीस-पंचवीस फुटांवरच येते, हे त्यांना हाताने ठाऊक होते. पाणी त्याखाली गेले की पंप नुसता गुरगुरे.

ही मर्यादा ओलांडण्याची युक्तीही त्यांच्याजवळ होती. विहिरीच्या आत, पाण्याजवळ, दगडी ओटा बांधायचा आणि पंप खाली उतरवायचा. चेन-पुलीला टांगलेले इंजिन विहिरीत उतरताना पाहायला आम्ही पोरे काठावर गर्दी करत असू. ते इंजिन जमिनीला न आपटता अचूक ओट्यावर बसले की बाबांचा चेहरा उजळे आणि आम्हाला त्यांचा अभिमान वाटे. एकदा अशाच विहिरीत इंजिनाचा धूर कोंडला आणि खाली उतरलेला मदतनीस पोरगा बेशुद्ध पडला. बाबांनी दोर कमरेला बांधून त्याला वर काढले, पोरगा वाचला. त्यानंतर धुराचा नळ विहिरीच्या तोंडाबाहेर काढल्याखेरीज त्यांनी एकही इंजिन चालू केले नाही. धुराचा धोका त्यांना त्या दिवशी दिसला. दुसरा धोका दिसायला आणखी काही वर्षे लागली.

१९७० च्या दशकात विजेच्या पंपांची संख्या वाढली. बटण दाबले की पाणी. हँडल नको, क्रूड नको, दमणे तर मुळीच नको. बाबांचा धंदा दुपटीने वाढला. त्यांनी कर्ज काढून लेथ मशीन आणले, सिमेंटमध्ये चार बोल्ट रोवून ते गाळ्याच्या मधोमध बसवले आणि फादरांना बोलावून त्याच्यावर आशीर्वादाचे पाणी शिंपडून घेतले. आता शाफ्ट कातायला मुंबईला जावे लागणार नव्हते. घरात आमच्यापैकी कोणाच्याही जन्माचा एवढा मोठा सोहळा झाला नसेल, असे आई हसून म्हणे.

अशातच समुद्राकडच्या अंगाचे एक शेतकरी गाळ्यावर आले. त्यांची पानवेल गावात नावाजलेली होती. म्हणाले, "मिस्त्री, पंपात काहीतरी बिघडलंय. पाणी मचूळ येतं. पानांच्या कडा करपल्या." बाबा गेले. आमच्यातील दोघे हत्यारांची पिशवी घेऊन बरोबर होतो. त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन चाखले आणि थुंकले. पंप उघडला नाही. तो बंद करायला सांगून ते विहिरीच्या काठावर बसून राहिले. संध्याकाळी पंप सुरू केला तेव्हा पाणी गोड होते. तासाभराने पुन्हा चाखले, मचूळ. शेतकरी विचारीत होते, "काय बदलायचं? फूट व्हॉल्व्ह का?" बाबा म्हणाले, "पंप ठीक आहे." त्या दिवशी त्यांनी मजुरी घेतली नाही आणि परतताना वाटेत ते एक शब्दही बोलले नाहीत.

समुद्रकाठच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर ते जेवढे उभे राहते, त्याच्या सुमारे चाळीस पट खोलवर ते खाऱ्या पाण्याला दाबून धरते. म्हणजे वरची पातळी एका फुटाने उतरली की खालचे खारे पाणी चाळीस फुटांनी वर सरकण्याची वाट मोकळी होते. शास्त्राला हे शंभराहून अधिक वर्षांपासून ठाऊक आहे. आमच्या गावात ते एका मिस्त्रीने विहिरीच्या काठावर बसून जिभेने ओळखले. बिघाड यंत्रात नव्हता. यंत्र उत्तम चालत होते, हाच बिघाड होता.

१९८० च्या दशकात वसईत इमारती उठू लागल्या आणि वाड्यांतल्या विहिरींवर टँकर उभे राहू लागले. केळी पिकवण्यापेक्षा पाणी विकणे सोपे झाले. दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ उभी राहिली. तो इतिहास वाचकांना ठाऊक आहे. २०२४ मध्ये फादर ख्रिस्तवासी झाले, तेव्हा अनेकांनी तो नव्याने सांगितलाही. आम्ही सांगत आहोत ती आमच्या घरातली गोष्ट चळवळीच्या थोडी आधीची आणि फार लहान आहे.

एके संध्याकाळी एक ठेकेदार बाबांकडे आला. चार विहिरींवर मोठे पंप बसवायचे, ते अहोरात्र चालतील अशी देखभाल ठेवायची, दरमहा ठरलेली रक्कम. आगाऊ पैसे त्याने टेबलावर ठेवले. आमच्या थोरल्याला त्याच वर्षी इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता आणि फी भरायची मुदत जवळ आली होती. बाबांनी ते पैसे बोटाने ठेकेदाराकडे सरकवले आणि म्हणाले, "मला जमणार नाही."

त्या रात्री आम्ही बाबांशी भांडलो. हे लिहिताना आजही संकोच वाटतो. आम्ही म्हणालो, "तुम्ही नाही बसवलेत तर दुसरा कोणी बसवेल." ते म्हणाले, "बसवेल." आम्ही म्हणालो, "मग पाणी जायचे ते जाणारच ना?" ते म्हणाले, "जाईल. आपला हात नको." आम्ही त्यांना हट्टी म्हटले. आईने दिवा मालवला म्हणून ते भांडण थांबले.

दुसऱ्या मिस्त्रीने ते पंप बसवले. आठवडाभरात एक ट्रक गाळ्यापुढे उभा राहिला आणि चार नट सोडून लेथ मशीन त्याच्यावर चढवण्यात आले. मुदतीच्या आदल्या दिवशी फी भरली गेली. त्यानंतर शाफ्ट कातायचा झाला की बाबा तो खांद्यावर टाकून, आगगाडीने, पुन्हा मुंबईला जाऊ लागले. बोल्ट तेवढे जमिनीत राहिले.

बाबांना स्वतःचे पाप वाटत होते का? कुमसारात ते काय बोलले हे त्यांचे आणि देवाचे. आम्हाला माहीत आहे ते एवढेच, की रात्रीच्या जपमाळेनंतर बायबल वाचण्याची पाळी आमच्यावर येई, तेव्हा ते उत्पत्तीचा सव्विसावा अध्याय पुन्हा पुन्हा वाचायला लावीत. त्यात इसहाक आपल्या बापाने खणलेल्या आणि पलिष्ट्यांनी मातीने बुजवलेल्या विहिरी पुन्हा उकरतो आणि त्यांना बापाने दिलेलीच नावे देतो. आम्हाला तो अध्याय कंटाळवाणा वाटे. कोण भांडले, कोणती विहीर कोणाची, ह्यापलीकडे त्यात आम्हाला काही दिसत नसे.

सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी गावातले बावखल उपसायला घेतले. रहाट गेल्यापासून त्याच्याकडे कोणी पाहिले नव्हते. शेजारची दोन बावखले भरणी घालून बुजली होती आणि हेही अर्धे गाळ-कचऱ्याने भरले होते. एप्रिलच्या एका सकाळी बाबांनी आपले जुने इंजिन हातगाडीवर घालून तेथे नेले. गावातल्या पोरांना वाटले, म्हाताऱ्याला काहीतरी झाले आहे. इंजिन सुरू झाले, पाणी मात्र येईना. पंपात हवा होती. बाबांनी एका पोराला कळशी आणायला लावली आणि पंपाच्या तोंडातून पाणी ओतले. "आधी त्याला पाजावं लागतं," ते म्हणाले, "मग तो देतो." आयुष्यभर हजारदा केलेले ते काम होते. तरी त्या दिवशी कळशी हातात घेऊन ते बराच वेळ कोरड्या काठाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "जमिनीचंही तसंच. आपण तिला पाजलंच नाही कधी."

दोन उन्हाळे ते काम चालले. पहिल्या वर्षी पाच-सहा पोरे होती. दुसऱ्या वर्षी युवक संघटनेची मुले आली, मंडळातील बायका चहा घेऊन आल्या. गाळ वाड्यांत खत म्हणून गेला. त्या पावसाळ्यात बावखल काठोकाठ भरले. ह्यानंतर चमत्कार झाला असे आम्ही लिहिणार नाही. समुद्राकडची पानवेल पुन्हा उभी राहिली नाही आणि ती विहीर आजही मचूळ आहे. पण बावखलाला लागून असलेल्या दोन विहिरींचे पाणी मे महिन्यातही पिण्याजोगे राहू लागले. त्यातली एक आमची आहे.

२०१५ मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांचे 'लाउदातो सी' हे परिपत्रक आले. सुरक्षित पिण्याचे पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असे त्यात म्हटले आहे. फादरांनी प्रवचनात ते समजावून सांगितले. घरी परतताना बाबांनी आम्हाला विचारले, "त्यात मिस्त्रीबद्दल काही लिहिलंय का?" आम्ही हसलो. ते हसले नाहीत. ह्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा आमच्याजवळ नव्हते. ते विचारीत होते ते असे: ज्याने लोभापोटी नव्हे, तर प्रामाणिकपणे, लोकांच्या गरजेसाठी, उत्तम काम केले आणि त्या कामानेच नुकसान झाले, त्याने काय करावे?

आता त्या बिलांचे गठ्ठे पाहिल्यावर वाटते, उत्तर त्यांनीच दिले होते. नुकसान कळल्याच्या दिवशी हात मागे घ्यावा, आणि त्याच हाताने, त्याच यंत्राने, जमेल तेवढे परत भरावे. सगळे भरून निघत नाही. संत योसेफाच्या तोंडचा एकही शब्द शुभवर्तमानांत नाही. आहे ते फक्त त्याने काय केले ते. कामकऱ्याचे सांगणे बहुधा असेच असते.

बाबा गेले ते जुलैत, नव्वदीच्या उंबरठ्यावर. दफनभूमीत जाणारी वाट बावखलाच्या काठाने जाते. त्या दिवशी ते इतके भरले होते की पाणी वाटेवर आले होते, आणि शवपेटी खांद्यावर घेऊन आम्ही घोटाभर पाण्यातून चालत गेलो. गोड्या पाण्यातून.

गाळा आम्ही विकला नाही. हत्यारे बाबांच्या हाताखाली शिकलेल्या एका मुलाला दिली. आज तो पंप दुरुस्त करतो आणि पाइपाची लांबी नोंदवून ठेवतो. बिलांचे गठ्ठे आम्ही चौघांनी वाटून घेतले. बोल्ट तेथेच आहेत. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाला ते अधूनमधून लागतात आणि हे कशाचे म्हणून कोणी विचारतो. मग आम्ही त्याला बसवून घेतो आणि ही हकीकत सांगतो.